हाती बनविलेले शुभेच्छापत्र : आकार ठरविण्यापूर्वी ताव मोजा

पर्युषण जवळ येऊ लागले की घराघरांत क्षमापनेच्या पत्रांची आठवण निघते. संवत्सरीला ‘मिच्छामि दुक्कडम्’ आणि क्षमावाणीला ‘उत्तम क्षमा’ हे शब्द आता बहुतेक वेळा भ्रमणध्वनीवरून जातात. एकाच बोटाने दोनशे जणांना जातात आणि दुसऱ्या दिवशी पुसलेही जातात. म्हणूनच की काय, हाताने बनविलेल्या कार्डाला पुन्हा मागणी येऊ लागली आहे. व्यापारी कुटुंबांना आपल्या जुन्या व्यवहारातल्या माणसांना, विहिणी-व्याह्यांना, लेकी-जावयांना काहीतरी हातात धरण्यासारखे पाठवावेसे वाटते. पर्युषणानंतर दिवाळी, वीर निर्वाण संवताचा आरंभ, वहीपूजन, मग कार्तिकी पौर्णिमेच्या सुमारास कचनेरची यात्रा आणि पाठोपाठ लग्नसराई. भाद्रपद ते फाल्गुन असा सात महिन्यांचा हंगाम या छोट्या उद्योगाला मिळू शकतो.

पैठण रस्त्यावरील बिडकीनसारख्या गावात हा उद्योग घरच्या घरी सुरू करण्याजोगा आहे. एका बाजूला छत्रपती संभाजीनगरची बाजारपेठ आणि छापखाने, दुसऱ्या बाजूला पैठण, भोवती कापसाचा मुलूख आणि आता गावालगत ‘ऑरिक’ची औद्योगिक वसाहत. म्हणजे घरगुती ग्राहक आहे, यात्रेकरू आहे आणि दिवाळीला शंभर-दोनशे कार्डे एकदम घेणारी कार्यालयेही आहेत. घरातल्या सुना-मुलींच्या हाती कला आहे, दुपारचा वेळ आहे आणि घरात व्यापाराची पिढीजात समज आहे. तरीही असे पुष्कळ उद्योग दुसऱ्या वर्षी थांबतात. चित्रे चांगली असतात, अक्षर सुबक असते, लोक कौतुकही करतात. पण हिशेब मांडला की हाती काही उरत नाही. याचे एक मोठे कारण कोणाच्या फारसे लक्षात येत नाही. ते कारण म्हणजे कार्डाचा आकार.

बहुतेक जण आधी चित्र ठरवतात, मग त्या चित्राला शोभेल असा आकार घेतात आणि शेवटी लिफाफा शोधायला निघतात. व्यापाराच्या दृष्टीने हा क्रम उलटा आहे. आधी ताव, मग लिफाफा, मग कार्ड आणि सर्वांत शेवटी चित्र, असा क्रम लावला तर तोच कागद, तेच हात आणि तेवढाच वेळ वेगळा हिशेब देतो. या लेखात तोच हिशेब सविस्तर मांडला आहे.

आपल्या परंपरेतील पत्र आणि त्याचे माप

पत्राचा आकार हा केवळ शोभेचा विषय कधीच नव्हता. आपल्या प्राचीन पोथ्या ताडपत्रावर लिहिल्या जात. ताडाचे पान लांब आणि अरुंद असते, म्हणून पोथीही लांब आणि अरुंद झाली. पुढे कागद आला, हवा तो आकार घेणे शक्य झाले, तरी कल्पसूत्राच्या कागदी प्रती पुष्कळ काळ आडव्याच राहिल्या. वाचणाऱ्याच्या हाताला, बांधणाऱ्याच्या वेष्टनाला आणि ठेवणाऱ्याच्या पेटीला ते माप सवयीचे झाले होते. एकदा रुळलेले माप किती टिकून राहते, याचे हे चांगले उदाहरण आहे.

क्षमापनेच्या पत्राची परंपराही जुनी आहे. श्रीसंघाकडून आचार्यांना विज्ञप्तिपत्रे पाठविली जात. त्यांत वर्षभरातील अपराधांची क्षमा मागितलेली असे आणि पुढील चातुर्मासासाठी आपल्या गावी येण्याची विनंती असे. ही पत्रे म्हणजे चित्रांनी सजविलेल्या लांबच लांब गुंडाळ्या असत. आग्र्याच्या संघाने १६१० मध्ये गुजरातेत देवपाटण येथे असलेल्या आचार्य विजयसेन सूरींना पाठविलेले विज्ञप्तिपत्र प्रसिद्ध आहे. उस्ताद शालिवाहन या चित्रकाराने ते रंगविले असून त्यात बादशहा जहांगीरचा दरबारही दिसतो. संपूर्ण गावाच्या वतीने लिहायचे होते, म्हणून पत्र लांब झाले. मजकूर, पाठविणारा आणि नेणारा या तिघांना पाहूनच पत्राचे माप ठरते.

टपालखाते आल्यावर हे माप लहान झाले. इंग्लंडमध्ये १८४० साली एका पेनीचे टपाल सुरू झाले आणि तीनच वर्षांनी, १८४३ मध्ये, हेन्री कोल यांनी लंडनमध्ये नाताळचे पहिले व्यापारी शुभेच्छापत्र काढले. सुमारे पाच इंच लांब आणि सव्वातीन इंच रुंद अशा त्या कार्डाच्या हजारभर प्रती छापल्या होत्या आणि किंमत एक शिलिंग होती. भारतात १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. आज आपल्याकडे पोस्टकार्डाचे माप १४ सेंटिमीटर बाय ९ सेंटिमीटर आहे. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीने पेढीवर बसून क्षमापना लिहिली ती याच इवल्याशा कार्डावर. जागा थोडी होती, म्हणून शब्दही मोजके आणि नेमके असत.

ताव मोजावा तो असा

आता मुद्द्याकडे येऊ. आपल्या जिल्ह्यातच हातकागदाची जुनी परंपरा आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा हे गाव लागते. मुहंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी दिल्लीहून देवगिरीला हलविली, त्या वेळी आलेल्या कागद करणाऱ्यांनी हे गाव वसविले असे परंपरेने सांगितले जाते. विसाव्या शतकात हा उद्योग पुन्हा उभा करण्याचे प्रयत्न झाले. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या आणि वर्ध्याच्या मगनवाडीतून चाललेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने हातकागदाला आपल्या कामात स्थान दिले, आणि पुण्यात १९४० पासून हातकागदाची संस्था चालत आली आहे. आज बाजारात राजस्थानातील सांगानेरचा हातकागदही सहज मिळतो. सुती कापडाच्या चिंध्यांपासून केलेल्या या कागदासाठी झाड तोडावे लागत नाही, ही गोष्ट आपल्या ग्राहकाला मनापासून भावते.

हातकागदाचा पूर्ण ताव बहुधा २२ इंच बाय ३० इंच असतो. याच मापावर सारा हिशेब उभा आहे. तावाचे क्षेत्रफळ ६६० चौरस इंच. मात्र हा ताव कडांपर्यंत सरळ नसतो. साच्यातून उचलताना त्याच्या चारही कडा पातळ आणि झालरीसारख्या होतात. प्रत्येक कडेचा पाव इंच सोडला तर हाती उरतो तो साडेएकवीस बाय साडेएकोणतीस इंचांचा स्वच्छ कागद. हातकागदाचे सगळे ताव एकसारखे नसतात. म्हणून नवा दस्ता आला की त्यातले दहा ताव काढून मोजावेत आणि जो सर्वांत लहान भरेल त्यावर आपला हिशेब बसवावा. मोठ्या तावावर बसविलेला हिशेब लहान तावावर मोडतो.

आता चार इंच बाय सहा इंचांचे घडीचे कार्ड घेऊ. छायाचित्राच्या चौकटीत बसणारे हे माप सर्वांच्या परिचयाचे आहे. घडी उघडली की ते आठ बाय सहा इंच होते. स्वच्छ तावावर ते आडवे-उभे मिसळून लावले तरी दहा कार्डे निघतात. बाकीचा कागद पट्ट्यांच्या रूपाने वाया जातो.

हेच कार्ड दोन्ही बाजूंनी केवळ एक सूत लहान करून पाहा. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग; सुतार आणि गवंडी आजही याच भाषेत बोलतात. चार इंचांना एक सूत कमी आणि सहा इंचांना एक सूत कमी असे कार्ड घेतले, तर उघडल्यावर ते पावणेआठ इंच रुंद आणि सहाला एक सूत कमी इतके उंच होते. आता तावाच्या रुंदीवर दोन पट्टे पावणेआठ इंचांचे आणि एक पट्टा सहाला सूत कमी असा घ्यावा. बेरीज २१ इंच ३ सूत येते, म्हणजे साडेएकवीस इंचांत नेमकी बसते. पहिल्या दोन पट्ट्यांत प्रत्येकी पाच कार्डे बसतात. त्यांची लांबी २९ इंच ३ सूत होते आणि तीही साडेएकोणतीस इंचांत मावते. तिसऱ्या पट्ट्यात तीन कार्डे उभी बसतात. एकूण कार्डे तेरा!

दहाची तेरा झाली. कागद तोच, फरक एका सुताचा. शंभर ताव कापले तर तीनशे कार्डे जास्त हाती येतात. तिसऱ्या पट्ट्याच्या टोकाला जो जवळपास सहा इंचांचा चौरस उरतो, त्यातून भेटवस्तूला बांधण्याच्या सहा चिठ्ठ्या निघतात. सुताने लहान झालेले कार्ड हाती घेतल्यावर कोणत्याही ग्राहकाला ते लहान वाटत नाही.

पाच बाय सात इंचांच्या मोठ्या कार्डालाही हाच न्याय लागू आहे. उघडल्यावर ते दहा बाय सात होते. स्वच्छ तावावर आठ कार्डे निघतात. रुंदी पाचऐवजी पाचला एक सूत कमी धरली की उघडलेले माप पावणेदहा इंच होते. तीन वेळा पावणेदहा म्हणजे सव्वाएकोणतीस, आणि तीन वेळा सात म्हणजे एकवीस. तावात नऊ कार्डे बसतात.

आता चौरस कार्ड पाहू. सहा बाय सहा इंचांचे चौरस कार्ड देखणे असते, त्यावर मांडणी सुंदर खुलते आणि प्रदर्शनात ते लगेच नजरेत भरते. पण उघडल्यावर ते बारा बाय सहा इंच होते आणि स्वच्छ तावातून सहाच निघतात. सूत कमी केले तरी सातच. तावाचा दर समजा साठ रुपये धरला, तर एका कार्डाचा केवळ कागद असा पडतो : लहान कार्डाला सुमारे ४ रुपये ६२ पैसे, मोठ्याला ६ रुपये ६७ पैसे आणि चौरसाला १० रुपये. चौरस कार्ड विकूच नये असे नाही. मात्र त्याची किंमत या हिशेबाने ठरवावी. लहान कार्डाच्या किमतीत ते देऊ नये.

कारखान्यातला कागद असेल तर

काही भगिनी हातकागदाऐवजी छापखान्यात मिळणारा जाड कागद वापरतात. तो ए४ मापात, म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरमध्ये मिळतो. या मापामागे सुंदर गणित आहे. कागद मधोमध दुमडला तरी त्याचे प्रमाण बदलू नये, असे प्रमाण एकच आहे : एकास १.४१४, म्हणजे दोनाचे वर्गमूळ. जर्मन विद्वान लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मध्ये एका पत्रात ही गोष्ट मांडली होती. पुढे १९२२ मध्ये जर्मनीत वॉल्टर पोर्स्टमान यांच्या प्रयत्नांनी याच प्रमाणावर कागदाची मापे ठरली आणि आज जगातील बहुतेक देश ती वापरतात. ए४ अर्धा केला की ए५, तो अर्धा केला की ए६.

त्यामुळे ए४ कागदाचे दोन तुकडे करून प्रत्येकाला घडी घातली की दोन ए६ कार्डे तयार होतात, १०५ बाय १४८ मिलिमीटरची, आणि एक तसूभरही कागद वाया जात नाही. तेच ए६ माप हातकागदाच्या तावावर लावले तर अकरा कार्डे निघतात आणि तावाचा सुमारे पाचवा हिस्सा उरतो. उलट सुताने कमी केलेले इंची कार्ड ए४ कागदावर लावले तर तेथे कड वाया जाते. कोणतेही माप स्वतः चांगले किंवा वाईट नसते. ज्या तावातून ते निघते, त्या तावाशी त्याचे पटले पाहिजे.

येथे घडीविषयी एक सूचना. कारखान्यातील कागदाचे तंतू बहुतांशी एकाच दिशेने लागलेले असतात. तंतूंच्या दिशेने घडी घातली तर ती स्वच्छ बसते. आडवी घातली तर जाड कागद घडीवर फुटतो. हाताने साच्यातून उचललेल्या कागदात तंतू सर्व दिशांना पसरलेले असतात, म्हणून वर सांगितल्याप्रमाणे आडवी-उभी कार्डे मिसळून लावता येतात. तरीही संपूर्ण दस्ता कापण्यापूर्वी एका तावाचे दोन्ही दिशांनी तुकडे घेऊन घडी घालून पाहावी.

लिफाफ्याचे म्हणणे

कार्ड आपण बनवतो, लिफाफा बहुधा विकत घेतो. म्हणून लिफाफ्याचे म्हणणे आधी ऐकावे. कार्डापेक्षा लिफाफा दोन्ही बाजूंनी किमान पाव इंच मोठा हवा. कार्डावर फुले, मणी किंवा उठावाचे काम असेल तर अर्धा इंच. बाजारात सी६ या मापाचा लिफाफा, ११४ बाय १६२ मिलिमीटरचा, सहज मिळतो. ए६ कार्डासाठीच तो ठरविलेला आहे आणि आपले चार बाय सहाला सूत कमी असलेले कार्डही त्यात आरामात बसते. मोठ्या कार्डासाठी सव्वापाच बाय सव्वासात इंचांचा लिफाफा लागतो. चौरस लिफाफा बहुतेक ठिकाणी मुद्दाम करून घ्यावा लागतो आणि तो शेकड्याच्या हिशेबाने घ्यावा लागतो.

टपालाचा विचारही येथेच करावा. पत्राचा दर वीस-वीस ग्रॅमच्या टप्प्यांनी वाढतो. अडीचशे ग्रॅमच्या कागदाचे लहान कार्ड सुमारे सव्वासात ग्रॅम भरते आणि साध्या लिफाफ्यासह बारा ग्रॅमच्या आसपास जाते. सजावटीला आठ ग्रॅम मोकळे राहतात. याच कागदाचे मोठे कार्ड लिफाफ्यासह सतरा ग्रॅमच्या घरात जाते. तेथे तीनच ग्रॅम उरतात, आणि एक रिबीन किंवा आतला जादा कागद पहिला टप्पा ओलांडायला पुरेसा होतो. ज्याने शंभर कार्डे घेतली, त्याला शंभर वेळा जादा तिकीट लावावे लागते आणि पुढच्या वर्षी तो आपल्याकडे येत नाही. घरातील लहान इलेक्ट्रॉनिक काट्यावर तयार कार्ड लिफाफ्यासह तोलून त्याचे वजन विक्रीच्या यादीत लिहावे. हा प्रामाणिकपणा ग्राहकाच्या लक्षात राहतो.

परदेशी नातेवाइकांसाठी घेणारे ग्राहक असतील तर आणखी एक गोष्ट सांगावी. अमेरिकेत चौरस लिफाफा यंत्रातून जात नाही म्हणून त्यावर जादा आकार पडतो. तेथील साध्या पत्राची मर्यादा सव्वासहा इंचांना एक सूत कमी बाय साडेअकरा इंच, तर ब्रिटनमध्ये १६५ बाय २४० मिलिमीटर आणि जाडी पाच मिलिमीटर. आपली दोन्ही आयताकार कार्डे या मापांत बसतात. मात्र उठावाचे काम जाड झाले तर ब्रिटनमध्ये ते मोठ्या पत्रात मोजले जाते.

नोट बाहेर डोकावू नये

लग्नसराईत कार्ड केवळ शुभेच्छेसाठी घेतले जात नाही. त्यात आहेराची नोट ठेवली जाते. येथे सूत आपल्या विरुद्ध जाते. पाचशे रुपयांची सध्याची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद आहे. चार बाय सहाला सूत कमी असे आपले कार्ड १४९ मिलिमीटरच भरते. म्हणजे नोट कडेवरून किंचित बाहेर डोकावणार. शंभराची नोट १४२ आणि दोनशेची १४६ मिलिमीटर लांब आहे. त्या दोन्ही बसतात, पण पाचशेची बसत नाही. आणि आजकाल आहेरात पाचशेचीच नोट जास्त असते. म्हणून आहेराचे कार्ड सात इंचांचेच करावे. त्याच्या आत कागदाची खाच किंवा खिसा करावा, म्हणजे नोट आणि वरचा एक रुपया दोन्ही नीट राहतात. नोट ठेवलेले पाकीट मात्र साध्या टपालाने पाठवू नये. ते हातोहातच द्यावे.

मोठ्या कुटुंबाची नावे

मापाचा शेवटचा आधार म्हणजे मजकूर. आपल्या समाजातील क्षमापना पत्राचे एक वैशिष्ट्य आहे. त्यावर एकट्याचे नाव नसते. आजी-आजोबा, तीन-चार भाऊ, त्यांच्या पत्नी, मुले-सुना, नातवंडे आणि खाली पेढ्यांची नावे गावांसह. एकत्र कुटुंबाची पंधरा-वीस नावे लहान कार्डावर बसवायची तर अक्षर इतके बारीक होते की ज्यांच्या नावाने पत्र गेले त्या आजींनाच ते वाचता येत नाही. तेव्हा कुटुंबाच्या आणि पेढीच्या वतीने जाणारे पत्र मोठ्या कार्डावर, आणि एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला लिहायचे पत्र लहान कार्डावर, असा सरळ विभाग करावा. लहान कार्डाच्या आतील पान कोरे ठेवावे. छापील वाक्यापेक्षा आपल्या हाताने लिहिलेल्या दोन ओळींनी क्षमा अधिक खरी होते, आणि त्यासाठी जागा ठेवणे हे कार्ड बनविणाऱ्याचे काम आहे.

दोनच मापे का?

एक कल्पना करू. बिडकीनच्या एखाद्या घरातील सूनबाईंनी पहिल्या हंगामासाठी शंभर कार्डे करायचे ठरविले. पाच चित्रे आणि पाच मापे घेतली तर पंचवीस प्रकार झाले आणि प्रत्येक प्रकाराची चारच कार्डे. दुकानदार दहा एकसारखी मागतो, तर ती नाहीत. पाच मापांचे लिफाफे शेकड्याने घ्यावे लागले, म्हणजे शंभर कार्डांसाठी पाचशे लिफाफे घरात येऊन बसले. ज्या मापाची कार्डे खपली त्याचेही लिफाफे शिल्लक राहतात आणि ज्याची खपली नाहीत त्याची कार्डेही. हीच ती अडकून पडलेली रक्कम. भांडवल थोडे असताना ती फार जड जाते, आणि घरातले कोणी काही बोलले नाही तरी सूनबाईंचा उत्साह मावळतो.

त्याच पाच चित्रांना दोनच मापे ठेवली तर दहा प्रकार होतात आणि प्रत्येकी दहा कार्डे. लिफाफे दोनशेच लागतात. चित्राचा साचा किंवा ठसा दोन मापांना पुरतो. कापणाऱ्याला एकदा सांगितले की दर वर्षी तेच माप. ग्राहकालाही आपले माप ओळखीचे होते. गेल्या वर्षी घेतलेल्या चौकटीत या वर्षीचे कार्ड बसते. तिसरे माप घ्यायचेच असेल तर पहिला हंगाम संपल्यावर, विक्रीची वही समोर ठेवून घ्यावे. चौरस कार्डाची मागणी तीन ग्राहकांनी केली की तीस ग्राहकांनी, हे वहीच सांगेल.

कापण्यासाठी शहरातल्या छापखान्याच्या कटिंग मशीनवर जावे. हाताने पट्टी धरून कापलेल्या कार्डांत सुताचा फरक पडतोच आणि आपला सारा हिशेब सुतावर उभा आहे. जाताना एका जुन्या तावावर पेन्सिलीने रेषा आखून न्यावे. आधी तिन्ही लांब पट्टे कापावेत, मग प्रत्येक पट्ट्याचे आडवे तुकडे करावेत. हा क्रम यंत्राला सोयीचा पडतो. पहिले पाच ताव कापून झाले की कार्ड लिफाफ्यात घालून पाहावे आणि मगच बाकीचे कापायला सांगावे.

साधनांची शुद्धी

आपल्या वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगितली पाहिजे. घडी घट्ट बसविण्यासाठी बाजारात जी पट्टी मिळते ती पुष्कळदा हाडाची असते. तिच्याऐवजी बांबूची किंवा टेफ्लॉनची पट्टी घ्यावी. काम तितकेच चांगले होते. जुन्या पद्धतीचा सरस प्राण्यांच्या अवशेषांपासून होतो आणि काही कागदांवर शाई फुटू नये म्हणून जिलेटीनचा थर दिलेला असतो. कागद घेताना त्याला कसला थर दिला आहे हे विचारून घ्यावे. चिकटविण्यासाठी पिठाची खळ वापरायची असेल तर रोजची रोज ताजी करावी. उरलेली शिळी खळ आंबते आणि त्यात जीवोत्पत्ती होते. रेशमाच्या दोऱ्याऐवजी सुती दोरा घ्यावा. क्षमा मागणारे पत्र बनविताना कोणत्याही जिवाला पीडा होऊ नये, हे ग्राहकाला सांगावे न लागता कळते आणि सांगितले तर आवडते.

उरलेल्या कागदाचाही असाच विचार व्हावा. चौरस तुकड्यांच्या चिठ्ठ्या होतातच. कडांच्या झालरीच्या पट्ट्या पुस्तकात ठेवण्याच्या खुणा म्हणून चालतात, आणि त्याहून बारीक कतरण जमवून ठेवली तर हातकागद बनविणारे ती लगद्यासाठी घेऊ शकतात. अपरिग्रहाची शिकवण लहानपणापासून ऐकणाऱ्या घरात कागदाचा कचरा कमी निघावा, हे उचितच आहे.

हंगामाचे वेळापत्रक

मापे ठरली की कामाला दिवस लावावेत. ज्येष्ठात ताव आणि लिफाफे आणावेत आणि पहिली पाच कार्डे करून घरातील वडीलधाऱ्यांना दाखवावीत. पावसाळी हवेत हातकागद ओल धरतो आणि ओला ताव मोजताना व कापताना माप चुकते, म्हणून कापण्याचे काम शक्यतो पाऊस जोर धरण्यापूर्वी उरकावे आणि कापलेले गठ्ठे कोरड्या पेटीत ठेवावेत. आषाढात रंगकाम. श्रावणात मंदिर, स्थानक आणि ओळखीच्या पेढ्यांत नमुने पोहोचावेत. पर्युषणाच्या पहिल्या दिवशी ग्राहकाच्या हाती कार्ड असले तर संवत्सरीच्या दिवशी ते टपालात पडते. क्षमापनेची उरलेली कार्डे दिवाळीला चालत नाहीत. पण आतले पान कोरे ठेवले असेल आणि मजकूर वेगळ्या पट्टीवर चिकटविण्याची योजना केली असेल, तर तीच कार्डे वीर निर्वाणाच्या शुभेच्छांसाठी वापरता येतात.

पेढीवर बसणाऱ्या घरांना हिशेब नवा नाही. धान्याच्या पोत्यात किती घट येते, कापडाच्या ठाणात किती वार भरते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलो आहोत. तीच नजर घरातल्या मेजावर पसरलेल्या कागदाच्या तावावर पडली पाहिजे. सूनबाई आणि लेकी हाताने जे घडवतील त्याला योग्य मोल मिळेल आणि दुसऱ्या वर्षीही काम सुरू राहील. येत्या ज्येष्ठात नवा दस्ता घरी येईल तेव्हा रंगांची पेटी उघडण्यापूर्वी पट्टी हाती घ्यावी आणि दहा ताव मोजावेत.